लोहाराने दिलेली वाट

बूट काढा, मोजेही काढा. पाठीवरची सॅक, पाण्याची बाटली, टोपी आणि फोन मागाठाणे मेट्रो स्थानकाच्या जिन्याशी ठेवा आणि अनवाणी खाली उतरा. शेवटच्या पायरीनंतर तळव्याला डांबर लागणार नाही. गार, घट्ट चिखल बोटांमधून वर येईल. महामार्गाची घरघर एकाएकी थांबेल आणि बेडूक ओरडायला लागतील. नाकात शेणाचा, ओल्या पेंढ्याचा, पिकत आलेल्या भाताचा वास भरेल. घाबरू नका. तुम्ही होतात तिथेच आहात, फक्त सुमारे 1,800 वर्षं मागे आलात.

गावाचं नाव मंगलठाण. आश्विनी पौर्णिमेची पहाट आहे. चंद्र पश्चिमेला खाडीवर टेकलाय आणि पूर्वेला, जिथे अजून उजाडलेलं नाही, तिथे एक काळाकभिन्न उंचवटा उभा आहे. इथली माणसं त्याला कण्हसेल म्हणतात. तुमच्या काळात तो कान्हेरीचा डोंगर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातला. आज त्याच्या माथ्यावर जायचं आणि दिवसाच्या दिवसात परत यायचं.

एकट्याने नव्हे. आजूबाजूला बघा. काल संध्याकाळी खाडीतून होड्या आल्या, कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या, आणि त्यांतली पाऊणशे माणसं या गावच्या ओसऱ्यांवर, गोठ्यांत, झाडांखाली झोपली. आता ती उठताहेत. लहान मूल रडतंय, बैल शिंगं खांबाला घासतोय, कुणीतरी खाकरतंय. सोपाऱ्याच्या मंडळींच्या कपड्यांना सुकवलेल्या मासळीचा वास आहे आणि कल्याणच्या मंडळींना तो मुळीच आवडलेला नाही. सगळ्यांच्या केसांना तिळाचं तेल. धुरात डोळे चुरचुरतात.

तुमचा पोशाख सोपा आहे. एक कापड कमरेला, एक खांद्यावर. पुरुष असाल तर डोक्याला फेटा आणि कानांत जड कुंडलं. काढायची सोय नाही, कारण इथे उघडे कान म्हणजे दिवाळखोरी. बाई असाल तर मनगटापासून कोपराच्या दिशेने बांगड्यांची चळत चढवा, कमरेला मेखला बांधा, पायांत जाड वाळे घाला. एवढं सगळं घालून डोंगर चढायचा? हो. आज दान द्यायला निघालोय, आणि दान द्यायला जाताना घरातलं सगळ्यात चांगलं अंगावर घालतात. कान्हेरीच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर जी दात्यांची जोडपी कोरली आहेत ती जवळून पाहिली आहेत ना? तसेच दिसताय तुम्ही आता.

चहा मागू नका. पोहे-मिसळही नको. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा यांतलं काहीही या किनाऱ्याला ठाऊक नाही. ते समुद्रापलीकडच्या एका खंडातून यायला अजून हजाराहून अधिक वर्षं आहेत. हातात येते ती पानाच्या द्रोणात गरम पेज, मिठाची, वर आल्याचा तुकडा. तिखट हवं असेल तर मिरी आहे, पण ती दक्षिणेतून येते आणि महाग पडते, म्हणून यजमानीण दोनच दाणे चेचून घालते. प्या. पेज घशातून उतरताना पोटाला जो आधार वाटतो तो दुपारपर्यंत पुरवायचा आहे.

आता खांद्यावर कावड घ्या. एका बाजूला तांदूळ, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू डोंगर सोडून कुठे गेले नाहीत, वर्षावास पाळला. आज तो संपतोय. त्यांची चीवरं पावसात कुजली, फाटली, शेवाळली असणार. म्हणून हे कापड. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सूर्य डोक्यावर यायच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं, कारण मध्यान्हानंतर ते दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. उशीर झाला तर सगळा तांदूळ खाली परत आणावा लागेल. चला, पाय उचला.

पहिला टप्पा शेतांच्या बांधांवरून. भाताची पाती पोटऱ्यांना कापतात आणि दव घोट्यांवरून ओघळतं. एका खाचराशी पुढचा माणूस थांबतो आणि हनुवटीने दाखवतो, हे वरचं. म्हणजे या शेताचं उत्पन्न डोंगरावरच्या संघाला लावून दिलेलं आहे. मंगलठाणच्या अशा शेताची नोंद वर खडकात कोरलेली आहे. पानावरचा लेख फाटतो, जळतो, वाळवी खाते. खडकावरचं अक्षर इतक्या सहजी जात नाही, हे या माणसांना चांगलं कळलेलं आहे.

मग रान सुरू होतं, आणि इथे तुम्हाला थोडं गांगरायला होईल. तुमच्या ओळखीचं राष्ट्रीय उद्यान आहे ते, पण त्याला कुंपण नाही, डांबरी रस्ता नाही, आणि ते कुठे संपतंय हे दिसत नाही. तुमच्याकडे ते साधारण 104 चौरस किलोमीटर उरलंय, चारी बाजूंनी इमारतींनी दाबलेलं. इथे वस्तीच रानात अडकलेली आहे. तुळशी आणि विहार हे तलाव शोधू नका. ते 19व्या शतकात बांधले, विहार 1860 मध्ये आणि तुळशी 1879 मध्ये. सध्या त्या दऱ्यांमधून ओढे वाहतात आणि काठांना वाघ पाणी पितात. बिबटे तर आहेतच.

सगळ्यांत पुढे एक पोरगा लांब काठी उभी धरून चालतोय. कारण कळेल. वाटेवर माणसाच्या छातीच्या उंचीवर कोळ्यांची जाळी ताणलेली आहेत, पिवळट, चिवट, मधोमध तळहाताएवढी काळी कोळीण. पोराच्या काठीतून सुटलेलं एखादं जाळं तुमच्या तोंडावर बसतं आणि कानाजवळ काहीतरी चालतं. ओरडलात तरी चालेल, मागची बाई खळखळून हसते आणि बांगड्यांच्या हाताने तुमच्या कानावरून ते झटकते.

यंदा तुमचं नशीब थोर आहे, कारवी फुलली आहे. आठ वर्षांनी एकदा फुलते. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच झुडपं, जांभळी, चिकट, आणि आत मधमाश्यांचा असा घोंगाट की पुढच्या माणसाचं बोलणं तुटक ऐकू येतं. कारवीची खरखरीत पानं दंडाला घासतात. वास उग्र आहे, गोड नाही. थोड्या वेळाने तो घशात उतरतो. ऊन आता वर आलंय. आश्विनातलं ऊन कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, जमिनीतली ओल उकळून वर येते आणि पाठीवरून घाम धारेने वाहतो. कावडीचा दांडा खांद्याचं हाड शोधून काढतो. खांदा बदला. पुन्हा बदला.

बोलणं मात्र थांबत नाही. त्यांची प्राकृत तुम्हाला अर्धीमुर्धी कळते. कान लावला तर बरीच. राजाबद्दल कोणी बोलत नाही. तो यज्ञ सातकर्णी आहे, त्याचं नाव वरच्या चैत्याच्या लेखात येणार आहे, पण या वाटेवर विषय आहेत ते कापसाचा भाव, सुनेचं बाळंतपण आणि सोपाऱ्याला लागलेलं गलबत. गलबतातून दोन कानांचे उंच रांजण उतरले, त्यांत परदेशी मद्य, आतून राळेचा लेप. एका व्यापाऱ्याने रिकामा रांजण घरी नेऊन तेल भरलं, तर तेलाला महिनाभर राळेचा वास येतोय म्हणून त्याची बायको त्याच्याशी बोलत नाही. ही हकीकत तो स्वतःच सांगतोय, आणि बायको त्याच्या चार पावलं मागून चालतेय.

पैशांचंही चाललंय. कापड वाहून न्यायचे हे कष्ट दरवर्षी कशाला, एक गृहस्थ विचारतो, नाशकात त्रिरश्मी डोंगरावर करतात तसं करा. तिथे नहपानाचा जावई उषवदात याने 2,000 कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणीकडे ठेवले, महिना शेकडा एक दराने. वर्षाला 240 झाले. वर्षावासातल्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. मुद्दल कधी मोडायचं नाही. हिशेब तुम्हीही मनात करून बघा, बरोबर येतो. कल्याणची एक म्हातारी, जिच्या डोक्यावर अजूनही कापडाचा गठ्ठा आहे, तिला हे मुळीच पटत नाही. ती म्हणते, ठेवा की व्याजाने, पण चढायचं सोडू नका. मला तिचं म्हणणं फार आवडतं.

ओढा ओलांडताना पाणी मांडीपर्यंत येतं. गोटे शेवाळलेले. कावडीवाले एकमेकांना हात देतात, लहानांना खांद्यावर घेतात. समोरच्या काठावर चढलात की थांबा आणि ऐका. मधमाश्या मागे राहिल्यात. वरून येणारा टणत्कार. एक, मग तीन, मग कितीतरी, वेगवेगळ्या उंचीवरून. छिन्न्या.

इथून माती संपते आणि काळा खडक सुरू होतो. आणि खडकात पायऱ्या.

या पायऱ्यांवर जरा वेळ काढा, कारण माझ्या मते कान्हेरीवर पाहण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे. पावलापुरत्या पायऱ्या. ताज्या घावांच्या रेषा अजून खरखरीत, तळव्याला टोचणाऱ्या. चढ जिथे निसरडा आहे तिथे त्या दाट होतात, जिथे खडक स्वतःच पाय ठेवू देतो तिथे थांबतात. ज्याने त्या पाडल्या त्याने हा चढ ओझं घेऊन चढला असला पाहिजे. कुठे श्वास लागतो हे त्याला ठाऊक होतं. आणि अशी वाट देणाऱ्याचं नाव या डोंगरावर कोरलेलं आहे. ब्राह्मी अक्षरं, वीतभरही उंच नाहीत. कल्याणचा लोहार नंद, त्याचं हे दान: वाट.

मूर्ती नव्हे, खांब नव्हे, लेणंही नव्हे. वाट. एका लोहाराने आयुष्यात जे साठवलं असेल त्यातून त्याने इतरांच्या पायांखालची जागा विकत घेतली. का? आता वर बघा, लेण्याच्या अंगणात कोळशाची भट्टी धगधगतेय. चामड्याचा भाता खाली-वर होतो. छिन्नी या खडकावर झटकन बोथट होते. पोरं बोथट छिन्न्यांच्या जुड्या आणतात, लोहार त्या लाल करतो, ठोकतो, पाण्यात बुडवतो, आणि वाफेचा तो आंबूस लोखंडी वास तुमच्यापर्यंत येतो. लोहारांवाचून हा डोंगर कोरलाच गेला नसता. नंदाच्या हातचं लोखंडही याच वाटेने वर गेलं असेल, तोही उन्हात धापा टाकत चढला असेल, आणि म्हणून त्याला वाट सुचली असेल. हा माझा तर्क आहे, लेखात एवढं नाही. पण उगाच सुचणारं हे दान नव्हे.

म्हातारी त्या अक्षरांपाशी थांबते, हात टेकवते, दम घेते आणि पुढे जाते. तिला वाचता येत असेल-नसेल. तुम्हीही हात लावा. खडक तापलेला आहे.

तहान लागली आहे ना? डावीकडे खडकात चौकोनी तोंड दिसतंय, ती पोढी. वाका. आतून गारवा चेहऱ्यावर येतो, आणि अंधारात तुमच्या आवाजाला खोल उत्तर मिळतं. पावसाळ्यात या डोंगरावर पडणारं पाणी वाया जात नाही. लेण्यांच्या माथ्यावर, कडेने, पायऱ्यांशेजारून पन्हळी कोरल्या आहेत; त्या पाणी वळवून वळवून टाक्यांत आणतात. जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपली पोढी. एक तरुण भिक्खू वस्त्राच्या गाळणीतून पाणी गाळून देतोय, त्यात एखादा बारीक जीव असेल तर तो मरू नये म्हणून. ओंजळ पुढे करा. पहिला घोट दातांना झोंबतो, दुसरा छातीतून खाली उतरताना कळतो, तिसऱ्याला तुम्ही डोळे मिटता. कल्याणचा सोनार स्वामिदत्त याने इथे पाण्याची पोढी दिली, सोपाऱ्याचा व्यापारी सामिक यानेही दिली. त्यांची नावं त्या त्या टाक्यांवर आहेत. माणूस जाऊन 1,800 वर्षं झाली तरी त्याच्या नावाने पाणी ओळखलं जावं, याहून चांगलं स्मारक मला माहीत नाही.

पळा आता, सूर्य चढलाय.

अंगणात नुसती धांदल. चुली पेटल्या, हंडे चढले, भाताला आधण आलं. घामेजलेली पाऊणशे माणसं, धूर, रडणारं तेच मूल, आणि या सगळ्यावर छिन्न्यांचा न थांबणारा मारा. दगडाची भुकटी हवेत तरंगतेय. ओठ चाटले तर कचकचते. पापण्या पांढुरक्या झाल्यात. पलीकडे भिक्खू झाडाच्या साली आणि फणसाच्या लाकडाचे तुकडे उकळताहेत, चीवराला रंग चढवायला. त्याचा तुरट वास भाताच्या वासात मिसळतो. नवं कापड कापायचं, शिवायचं आणि रंगवायचं हे कठिणाचं काम एका दिवसात पुरं करावं लागतं, म्हणून रंगाची तयारी आधीपासून.

मग एकाएकी सगळं शांत होतं. रांग येते. मुंडण केलेली डोकी, उजवा खांदा उघडा, नजर खाली, हातात पात्र. तरुण आहेत, म्हातारे आहेत, एकाला चालताना धरावं लागतंय. तुम्ही पळीने भात वाढा. पात्राच्या काठाला पळी लागून होणारा आवाज तेवढा. आभार कोणी मानत नाही, तशी पद्धत नाही. तुमच्या हातून त्यांना मिळालं, त्यांच्यामुळे तुम्हाला देता आलं, फिटंफाट. ते जेवतात तेव्हा कोणी बोलत नाही, आणि ते उठल्यावर तुमची पाळी. पानावर भात, तुरीचं वरण, ताक, गुळाचा खडा, ओल्या नारळाचे तुकडे. चार तास चढून खाल्लेल्या भाताची चव मी काय सांगावी.

भिक्खू आता आत जातील. प्रवारणा आहे: तीन महिने एकत्र राहिल्यावर प्रत्येकजण इतरांसमोर बसून विचारतो, माझं काही चुकलं असेल, तुम्ही पाहिलं-ऐकलं असेल, तर सांगा. हे त्यांचं आपसांतलं आहे, आपण तिथे थांबायचं नाही. तोवर चैत्य बघून या.

आत शिरताना डोळ्यांना काही दिसणार नाही. हळूहळू उंची उमगते. दगडी छत वर कमानीत वळलेलं, त्याला लाकडी फासळ्या. शेवटाला स्तूप, दरवाजावरच्या मोठ्या कमानीतून आलेला उजेड त्याच्यावर. तुम्हाला माहीत असलेल्या त्या दोन प्रचंड उभ्या बुद्धमूर्ती ओसरीत नाहीत. त्या घडवणारे हात अजून जन्मायचे आहेत. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांच्या पैशातून हे काम चाललंय. दगडकाम करणारे सेलवढकी आहेत, झिलई करणारा मिठिक आहे, आणि देखरेखीला भिक्खू आहेत. लेखात या सगळ्यांची नोंद राहील. एक कारागीर परांचीवर उभा राहून खांबाच्या माथ्यावरचे हत्ती घडवतोय. हत्तींच्या सोंडेत घट, आणि ते स्तूपावर पाणी घालताहेत. कारागिराच्या पाठीवर भुकटी आणि घामाचा लगदा झालाय. त्याचा हातोडा पडतो तेव्हा तुमच्या तळव्यांखालचा खडक थरथरतो. मध्येच थांबून तो हत्तीच्या कानावर अंगठा फिरवतो आणि तोंडाने फुंकर मारतो. धूळ तुमच्या डोळ्यात जाते.

खांब 34 आहेत. कोरीव तळ आणि माथे एका बाजूला 6 खांबांना मिळाले, दुसऱ्या बाजूला 11 ना. उरलेले साधे अष्टकोनीच राहिले. का थांबलं काम, पैसा संपला की माणसं, हे इथे उभं राहून विचारावंसं वाटतं. विचारू नका. त्या कारागिराला आज ते माहीत नाही, आणि तो मन लावून काम करतोय.

आता माथा. लोक पेंगायला लागलेत, पण तुम्ही चला. पायऱ्या लेण्यांच्या एका रांगेतून दुसऱ्या रांगेत चढतात. प्रत्येक लेण्यासमोर बसायला दगडी बाक, त्यावर वाळत घातलेलं चीवर, कोपऱ्यात खराटा. खडक आता इतका तापलाय की पाऊल टेकवलं की उचलावंसं वाटतं. पळत, सावली गाठत, पळत. गवत कुसळं घेऊन धोतराला चिकटतं. शेवटच्या वळणावर वारा येतो, खारा, आणि घाम एका झटक्यात गार होतो.

उभे राहा. पश्चिमेला समुद्र, पूर्ण, मध्ये काहीही न येता. त्याच्या अलीकडे खारफुटीची हिरवी दुलई आणि तीत चकाकणाऱ्या खाड्या. उत्तरेला उल्हासचं रुंद मुख आणि पलीकडे तुंगारेश्वराचे डोंगर. त्यांच्या पायथ्याकडे कुठेतरी सोपारा. चार शिडं मोजता येतात. पूर्वेला दुसरी खाडी आणि कल्याणकडे जाणारं पाणी. दक्षिणेला रान, रान, आणि मग धुरकट क्षितिज, जिथे सात बेटं एकमेकांपासून वेगळी पडलेली आहेत. गोराई, बोरिवली, मीरा रोड असं बोटाने दाखवू नका, तिथे फक्त चिखल आणि बगळे आहेत. धुराच्या पाच-सहा रेषा वर जातात, तेवढी गावं.

कल्याणची म्हातारी तुमच्या आधीच वर पोहोचून बसली आहे. वाळे काढून शेजारी ठेवलेत, पाय लांब केलेत. तिने खाली बोट दाखवून काय म्हटलं असेल? माझं घर दिसतं का बघ. दिसत नाही. तरी ती बघत राहते. डोंगरावर पुण्य मिळतं म्हणून येतात हे खरं, पण वारा लागतो, लांबचं दिसतं, घर लहान होतं, म्हणूनही येतात; त्याची नोंद दानलेखांत कोण करणार? माणसं इथे नंतरही येत राहिली. आठशेहून अधिक वर्षांनी, 1009 आणि 1021 मध्ये, जरथुश्त्री पाहुण्यांच्या टोळ्या हा डोंगर चढल्या आणि आता 90 क्रमांकाचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यात त्यांनी पहलवी अक्षरांत आपली नावं लिहून ठेवली.

उतरायला लागा. सावल्या लांबल्या की रानाचा मालक बदलतो. गडी मशाली पेटवतात, एकजण ढोल घेतो, पोरांना मधे घालून सगळे एका ओळीत. गुडघे आता बोलायला लागलेत. ओढ्याशी कुजट, रानटी वास येतो आणि ढोलवाला काही न बोलता दुप्पट जोराने वाजवतो. कोणी धावायचं नाही. चिकटून चाला. शेताच्या बांधावर पाय पडला की सगळी ओळ एकदम बडबड करू लागते, आणि पौर्णिमेचा चंद्र डोंगरामागून वर येतो.

परत आलात की एक करा. येत्या आश्विनात, पाऊस ओसरल्यावर, कान्हेरीला जा. बुद्धमूर्ती बघाच, दरबार लेणंही बघा, पण पन्हळी कुठून कुठे जातात ते बोटाने पाठलाग करून शोधा, एखाद्या टाक्याशी गुडघे टेकून आत डोकवा, कोरीव माथ्यांचे खांब दोन्ही बाजूंना मोजा, आणि पायऱ्या चढताना खाली बघा. यातल्या कुठल्याही भिंतीवर स्वतःचं नाव कोरू नका. इथे नाव लागायचं तर आधी वाट किंवा पाणी द्यावं लागत असे. नेलेली प्रत्येक बाटली आणि पुडी खाली घेऊन या. वरच्या लेण्यांपर्यंत फार थोडे लोक चढतात, तुम्ही चढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जमेल तिथवर सोबत न्या. सकाळी लवकर निघा. सोमवारी उद्यान बंद असतं.